फांदी टाकायची, तर गळ घरी ठेवा

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही चौघांनी वीर धरणाच्या फुगवट्यात, शिरवळच्या बाजूला, बाभळीच्या शिऱ्यांचे अकरा ढीग रचले. ऑगस्टात तिथं मासे आले. सप्टेंबरात ते मासे आम्हीच मारले. गोष्ट एवढीच आहे. पण ती सांगायला घेतली की गळवाल्या मित्रांशी भांडण होतं, आणि ते भांडण मला आता चारचौघांत करायचं आहे.

कल्पना आमची नव्हती. तुमच्यापैकी जे गळ टाकतात त्यांनी ते व्हिडिओ पाहिलेच असतील. अमेरिकेतला एखादा माणूस काटक्याकुटक्यांचा भारा, नाहीतर नाताळ संपल्यावर टाकून दिलेलं ख्रिसमसचं झाड, सिमेंटच्या ठोकळ्याला बांधून तळ्यात सोडतो. काही महिन्यांनी त्याच जागी बोट लावतो आणि एकामागून एक मासे काढत राहतो. तिकडे काही राज्यांचे मत्स्यविभागसुद्धा जुनी ख्रिसमसची झाडं गोळा करून जलाशयांत टाकतात. कंपनीच्या बसमध्ये दुसरी पाळी सुटल्यावर हा व्हिडिओ आमच्यात फिरला. कुणीतरी म्हणालं, आपल्याकडे ख्रिसमसचं झाड नसलं म्हणून काय झालं, बाभळीला तोटा आहे का? पुढच्या रविवारी कोयते घेऊन आम्ही काठावर हजर.

काम सोपं होतं, कारण मे महिन्यात पाणी मागे सरलेलं असतं. बोट लागत नाही, बुडी मारावी लागत नाही. कोरड्या तळावर उभं राहून फांद्या आडव्यातिडव्या रचायच्या, काथ्याने बांधायच्या, वर दगड ठेवायचे आणि पावसाची वाट बघायची. फांद्या आम्ही आधी पंधरा दिवस वाळवल्या होत्या. ओला पाला पाण्यात कुजला की पाण्यातला प्राणवायू खातो, एवढं आम्हाला माहीत होतं. नायलॉनची दोरी वापरली नाही, कारण ती वर्षानुवर्षं पाण्यात राहते आणि तिच्यात जीव अडकतात. म्हणजे माशांची काळजी आम्ही घेत होतो. निदान तसं वाटत होतं.

टाकी आणि नदी

फांद्यांची गरजच काय, असा प्रश्न तुम्हाला पडेल. पाणी आहे, म्हणजे मासा असणारच की.

शिरवळच्या माणसाला नीरा दोन रूपांत ठाऊक आहे. एक सारोळ्याच्या पुलावरून गाडी जाताना दिसणारी नदी, आणि दुसरी त्याच्या खाली वीरच्या भिंतीने फुगवलेली. वरच्या अंगाला भाटघर आणि नीरा देवघर. त्यांचं पाणी वीरमध्ये येतं, आणि तिथून डाव्या-उजव्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे जातं. वीरचा साठा साडेनऊ टीएमसीच्या आसपास. ऑगस्टात काठोकाठ भरलेलं धरण उन्हाळ्याच्या शेवटी इतकं खाली जातं, की जिथं भोवरे फिरत होते तिथं ट्रॅक्टर फिरतो. उघड्या पडलेल्या गाळावर लोक पीक घेतात. त्याला आपण गाळपेर म्हणतो. शेतकऱ्याच्या बाजूने बघितलं तर ही चांगली गोष्ट आहे, मी तिच्या विरोधात एक शब्द बोलणार नाही.

पण माशाच्या बाजूने बघा. धरण बांधताना बुडीत जमिनीतली झाडं तोडून नेतात. नंतर तळावर काही उगवलं तर ते दरवर्षी चार-सहा महिने पाण्याखाली आणि उरलेले महिने उन्हात. वर नांगर आणि शेरडं. झुडूप टिकणार कसं? म्हणून पाऊस पडून धरण भरतं तेव्हा माशाला मिळतो तो उघडा-बोडका उतार. मुरूम, गाळ आणि पाणी. नदीत तसं नसतं. काठच्या उंबराची, करंजाची, जांभळाची मुळं पाण्यात उतरलेली असतात. वाळुंजाच्या फांद्या लोंबत असतात. पुरात उन्मळलेलं एखादं झाड डोहात आडवं पडून वर्षानुवर्षं तिथंच राहतं. लव्हाळं असतं, कपारी असतात. माशाचं घर म्हणतात ते हेच. अंडी चिकटवायला जागा, पिल्लाला लपायला जागा, खायला शेवाळ आणि किडे, आणि पाणकावळ्याच्या नजरेतून सुटायला सावली.

घर नसलं की कोण जगतं? ज्याला घर लागत नाही तो. चिलापीची मादी अंडी तोंडात घेऊन फिरते. पिल्लं निघाली तरी धोका दिसला की परत तिच्या तोंडात शिरतात. नराला फक्त उथळ पाण्यात मऊ तळ लागतो, त्यात तो खळगा करतो. म्हणजे आपण पश्चिम महाराष्ट्रात पन्नास-साठ वर्षांत जे बोडके जलाशय तयार केले, ते चिलापीसाठी मापात शिवलेल्या सदऱ्यासारखे आहेत. 1952 साली हा आफ्रिकेतला मासा भारतात आणला गेला. आज कुठल्याही धरणाच्या काठावर पाटीत बघा, वर तोच असतो. चिलापीला शिव्या देणारे पुष्कळ भेटतात. तिचा दोष एवढाच, की तिचं घर तिच्या तोंडात आहे. बाकीच्यांचं घर आपण मोडलं.

बाभळीच्या ढिगात काय झालं

जुलैच्या शेवटी ढीग पाण्याखाली गेले. पहिले काही दिवस काहीच नाही. मग फांद्यांवर बुळबुळीत थर धरला. हा थर म्हणजे घाण वाटते, पण सगळा व्यवहार तिथून सुरू होतो. त्यात शेवाळ असतं, जिवाणू असतात, किड्यांच्या अळ्या असतात. बांगलादेशात आणि आपल्याकडेही तळ्यांत बांबू रोवून असे प्रयोग झाले आहेत. बांबूवर धरलेला हा थर खाऊन रोहूसारखे मासे जास्त वाढतात, असं त्यांत दिसलं. आमच्या ढिगांवर आधी गोगलगायी आणि झिंगे दिसले. मग बोटभर लांबीचे चंदेरी मासे थव्याने आले. त्यांच्या मागे शिंगटा आला, वाम आली. आणि ऑगस्टाच्या मध्यावर एका सकाळी आम्हाला मरळ दिसली.

मरळ ज्याने पाहिली नाही त्याला थोडं सांगतो. सापासारखं डोकं, अंगाने दंडाएवढी, आणि हवेतून श्वास घ्यायला मधूनमधून वर येणारी. पाणवनस्पतींच्या आडोशाला ती जागा साफ करते, अंडी वर तरंगतात, आणि नर-मादी राखण करतात. पिल्लं निघाली की त्यांचा तांबूस-केशरी गोळा पाण्याच्या वरच्या थरात उकळल्यासारखा हलत असतो. एकेका गोळ्यात शेकडो पिल्लं. खाली, हातभर अंतरावर, आई-बाप. जवळ काहीही आलं, बेडूक, कीटक, दुसरा मासा, की ते त्याच्यावर तुटून पडतात. भूक असो नसो.

हे शेवटचं वाक्य गळवाल्यांना पाठ असतं. पिल्लांच्या गोळ्यावर रबरी बेडूक टाकायचा आणि ओढत न्यायचा. दहातल्या आठ वेळा मरळ लागते. यूट्यूबवर याचे शेकडो व्हिडिओ आहेत आणि त्यात या प्रकाराला 'ट्रिक' म्हणतात.

मी ती ट्रिक केली. पहिल्याच फेकीत लागली. साडेतीन किलोची होती. फोटो काढले, स्टेटस ठेवलं, ग्रुपवर टाकली. दुसरी मित्राने काढली, बहुधा तिचा जोडीदार. अर्ध्या तासाने मी परत त्या जागेवर गेलो, तर केशरी गोळा फुटला होता. पाच-सहा ठिकाणी पाणी उसळत होतं. चिलापी आणि शिंगटे पिल्लं उचलत होते. वर बगळा आला होता. संध्याकाळपर्यंत तिथं एक पिल्लू दिसलं नाही.

काठावर एक तात्या असतात. भोई समाजातले, सत्तरीच्या आसपासचे, थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळं लावणारे. त्यांना मासा दाखवला तेव्हा त्यांनी हातात घेऊन बघितला आणि म्हणाले, "झ्याक हाय." मग म्हणाले, "पळाली असती तर घावली नसती. लेकरं सोडून गेली न्हाई, म्हणून घावली."

एवढं बोलून ते जाळं झटकायला लागले. मला ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

वाढले की गोळा झाले?

ग्रुपवर मात्र आमचं कौतुक झालं. "भावा, तुम्ही वीरमध्ये मासा वाढवला," असं लोकांनी लिहिलं. माझं भांडण या वाक्याशी आहे.

समजा एका मोठ्या जलाशयाच्या काठाने शंभर मासे विखुरलेले आहेत. गळवाल्याला दिवसभर बसून दोन मिळतात. आता एका जागी फांद्या टाकल्या. शंभरातले साठ तिथं आले. गळवाल्याला तासाभरात दहा मिळाले. तो म्हणतो, मासा वाढला. मासा शंभरच आहे. आता नव्वद. फांद्या टाकल्या नसत्या तर अठ्ठ्याण्णव राहिले असते.

समुद्रात टाकलेल्या कृत्रिम भित्तिकांबद्दल हाच वाद शास्त्रज्ञ 1980 च्या दशकापासून घालत आहेत. भित्तिका मासे तयार करते, की आजूबाजूचे ओढून घेते? त्याचं उत्तर जागेगणिक आणि माशागणिक बदलतं. पण एक गोष्ट साध्या डोक्याला कळते. आडोशामुळे मासा वाढायचा असेल तर मधे वेळ जावा लागतो. अंडी घातली जावी लागतात, पिल्लं जगावी लागतात, ती मोठी होऊन पुन्हा अंड्यावर यावी लागतात. आपण तो वेळ दिला नाही, तर फांदीचा ढीग आणि पिंजरा यांत फरक राहत नाही. उलट पिंजऱ्याला निदान पिंजरा म्हणतात. आपण आपल्या ढिगाला 'हॅबिटॅट' म्हणतो आणि वर पर्यावरण राखल्याचं समाधान घेतो.

यावर मित्र म्हणतात, आपण चारजण गळाने असे किती मासे मारणार? जाळीवाले बघ, बारीक आसाची जाळी लावून बोटभर पिल्लंसुद्धा उचलतात. कुणी तर स्फोटकं टाकतं. खरं आहे. पाण्यात स्फोटकं आणि विष टाकून मासे मारण्यावर 1897 च्या कायद्यापासून बंदी आहे आणि तरी ते होतं. पण शेजाऱ्याने गोठा पेटवला म्हणून मी त्याच्यात काडी टाकली तर चालतं, असं कुठं आहे? आणि आमच्या बाबतीत तर गोष्ट अजून वाईट झाली. आमचं स्टेटस आणि त्यामागची टेकडी बघून कुणीतरी जागा ओळखली. आठवड्याभरात रात्री जाळी लागली. अकरापैकी सहा ढीग उचकटून काठावर फेकलेले मिळाले. विखुरलेला मासा शोधायला त्यांना महिना लागला असता. आम्ही तो गोळा करून, पत्ता लिहून दिला.

एकच फांदी, दोन उपयोग

फांद्या टाकून मासा बोलावणं हा अमेरिकेचा शोध नाही. पश्चिम आफ्रिकेत बेनिनच्या खाजणांत लोक पिढ्यानपिढ्या फांद्या रोवतात, त्याला अकाजा म्हणतात. कंबोडियाच्या तोनले साप सरोवरात हेच होतं. आसामच्या बीलांमध्ये झाडाच्या फांद्या आणि जलपर्णी यांचा आडोसा करून मासे धरतात. मणिपूरच्या लोकटाक सरोवरात तरंगत्या वनस्पतींचं वर्तुळ करून मधे मासे गोळा करतात, त्याला अथाफुम म्हणतात. तिथं 2006 च्या कायद्याने अथाफुमवर बंदी आली आणि 2011 मध्ये सरोवरातल्या मच्छीमारांच्या तरंगत्या झोपड्या जाळल्या गेल्या. आडोसा कोणाचा, या प्रश्नावर माणसं बेघर होऊ शकतात, हे लक्षात ठेवा. पुढे तात्यांबद्दल बोलताना ते लागेल.

मला सगळ्यांत जास्त शिकवलं बांगलादेशच्या उदाहरणाने. तिथं फांद्यांच्या या ढिगाला काठा म्हणतात. पावसाळ्यानंतर पाणी उतरू लागलं की मासा खोल जागी, काठ्यात येतो. मग भोवती जाळं लावायचं, फांद्या काढायच्या आणि एकूणएक मासा उचलायचा. ज्याच्याकडे पैसा त्याचा काठा मोठा. पण त्याच देशात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत गावांनी मत्स्य-अभयाश्रम केले. श्रीमंगलजवळच्या हाईल हाओरमध्ये 2003 पासून बाइक्का बील हा भाग मासेमारीसाठी कायमचा बंद केला आहे. अशा अभयाश्रमांत काय टाकतात? त्याच फांद्या. कारण फांदी मासा बोलावते आणि जाळं अडवते. काटेरी फांद्या असलेल्या जागी जाळं ओढता येत नाही. एका ठिकाणी फांदी हा सापळा आहे आणि दुसऱ्या ठिकाणी दाराची कडी. फरक लाकडात नाही, गावाने काय ठरवलं त्यात आहे.

एवढं लांब कशाला? आपल्याच राज्यात, गोंदिया-भंडाऱ्याच्या मालगुजारी तलावांवर ढिवर समाजाच्या लोकांनी, त्यातही बायकांनी, मनीष राजनकर यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासोबत वर्षानुवर्षं काम केलं आहे. तलावात माजलेली बेशरम उपटायची, उन्हाळ्यात उघडा पडलेला तळ तयार करायचा, आणि पाऊस आला की तिथल्याच पाणवनस्पती लावायच्या. शेतात रोप लावावं तसं तळ्यात रोप लावायचं. मग गावठी मासे परत येतात. त्यांनी मासा आणून सोडण्याआधी माशाचं घर दुरुस्त केलं. हे काम करणाऱ्यांचं पोट त्याच तलावावर आहे, म्हणून ते टिकलं.

बोटुकली आणि फोटो

आपल्या बाजूला मात्र मासा वाढवणं म्हणजे काय, तर बोटुकली सोडणं. पावसाळ्यात कुठल्यातरी जलाशयावर कार्यक्रम होतो, प्लास्टिकच्या पिशव्या उघडल्या जातात, पाहुणे वाकतात, फोटो निघतात. पिशवीत असतात कटला, रोहू, मृगळ. हे गंगेच्या बाजूचे मासे. साचलेल्या पाण्यात ते सहसा वीत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. 1957 साली कटकला हिरालाल चौधुरी यांनी इंजेक्शन देऊन त्यांना तळ्यात विणीला लावलं आणि देशात मत्स्यबीजाचा धंदा उभा राहिला. त्यावर लाखो घरं चालतात. तात्यांचंही त्यावर चालतं. मी बोटुकली सोडू नका असं म्हणत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की दरवर्षी बाहेरून पिल्लं आणून बोडक्या पाण्यात ओतायची आणि त्यातली किती जगली हे कुणी विचारायचं नाही, याला संवर्धन म्हणू नका. ती पेरणी आहे. पेरणीआधी रान तयार करावं लागतं, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगायला नको.

आणि आपल्या नदीचे स्वतःचे मासे? कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 च्या सुमाराला दख्खनच्या माशांवर लिहिलं. त्याने माशांना शास्त्रीय नावं दिली ती इथल्या लोकांच्या तोंडच्या नावांवरून. खुद्री, कोलस, नुक्टा, बोग्गट, पोटेल. लॅटिन नावांच्या शेपटाला लागलेले हे शब्द आजही जगभरच्या शोधनिबंधांत छापले जातात. आणि नीरेकाठच्या बाजारात विचारा, ही नावं किती जणांना ओळखू येतात. मी तिशीतला, नदीकाठी वाढलेला. मला यातली तीन पुस्तकातून कळली.

काही मासे वाचले ते का वाचले, हेही बघा. महाडजवळच्या वाळणकोंडीत देवीचे मासे म्हणून महाशीर राखले गेले. वाड्याजवळ तिळशाला वैतरणेच्या डोहात तसेच. तिथं कुणी तंत्रज्ञान वापरलं नव्हतं. तिथं एक डोह होता आणि त्यात गळ टाकायचा नाही एवढा एक नियम होता. घर आणि बंदी. दोन्ही एकत्र असली की मासा राहतो. आम्ही फक्त घर बांधलं आणि दारात कोयता घेऊन बसलो.

पाणी कुणाचं

आता तात्यांचा मुद्दा. मे महिन्यात आम्ही ढीग रचत होतो तेव्हाच ते येऊन म्हणाले होते, "आरं पोरांनो, ही कुपाटी कुणासाठी घालताय? माशासाठी का माझ्या जाळ्यासाठी?"

आम्ही हसलो होतो. ऑक्टोबरात पाणी थोडं उतरलं आणि त्यांचं जाळं आमच्या एका ढिगात अडकून फाटलं. त्यांची आठवड्याची कमाई गेली. आम्ही पगारी माणसं, रविवारी मजेसाठी पाण्यावर येणारी. ते रोज पोटासाठी येणारे. जलाशयात मासेमारीचा ठेका संस्थेकडे असतो, संस्थेचे सभासद पैसे भरतात. आम्ही त्यांना विचारलं नव्हतं. धरणाच्या कार्यालयाला विचारायला हवं, हे तर डोक्यातही आलं नव्हतं. दुसऱ्याच्या रानात जाऊन झाडं लावणारा माणूस कितीही भला असला तरी आधी मालकाला विचारतो. पाणी दिसलं की आपल्याला ते बिनमालकीचं वाटतं, कारण त्यावर पोट असलेला माणूस आपल्याला दिसत नाही.

काही निसर्गप्रेमी मित्र याच्या उलट टोकाला जातात. जाळीवाल्यांना हाकला, मासेमारी बंद करा, पक्ष्यांसाठी राखून ठेवा. हिवाळ्यात वीरवर रोहित येतात, फोटो काढायला पुण्याहून गाड्या येतात, त्यांना काठावरचं जाळं फ्रेममध्ये नको असतं. त्यांनाही मला लोकटाकच सांगायचं आहे. ज्याचं पोट पाण्यावर आहे त्याला बाहेर काढून पाणी राखलं जात नाही. राखायला रात्री तिथं असतो तोच.

तर करायचं काय

माझं म्हणणं थोडक्यात मांडतो. पटलं नाही तर भांडा, पण मुद्द्यावर भांडा.

पहिलं, जिथं फांदी टाकाल तिथं गळ टाकायचा नाही. एक वर्ष नाही, कायमचा नाही. आडोशातला मासा आडोशातच राहत नाही. पिल्लं मोठी झाली की बाहेर पसरतात. गळ टाकायला अख्खा जलाशय पडला आहे.

दुसरं, पिल्लं राखणाऱ्या मरळीवर गळ टाकणं ही ट्रिक नाही, हलकटपणा आहे. हा शब्द मी आधी स्वतःला लावून मग लिहिला आहे. पकडून सोडली तरी चालत नाही. तुम्ही तिला फोटोसाठी पाच मिनिटं बाहेर ठेवता तेवढ्यात गोळा फुटतो. समुद्रात 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते हे आपल्याला माहीत असतं आणि आपण बाजारात तक्रार न करता सुकी मासळी घेतो. मग पावसाळ्याचे तीन महिने नदीवर गळ बांधून ठेवायला आपल्याला काय होतं? पहिल्या पावसात चढणीचे मासे, पोटात गाभोळी असलेले, काठ्यांनी मारून आणायचे आणि त्याला परंपरा म्हणायचं, हेही त्यातच आलं.

तिसरं, ठेका देताना किती बोटुकली सोडली हे विचारतात, तसं किती आडोसा केला, किती हिस्सा बिनमासेमारीचा ठेवला, हेही विचारलं जावं. आणि त्या कामाचे पैसे संस्थेच्या माणसांना मिळावेत. मे महिन्यात वेडी बाभूळ तोडून तळावर रचायला खर्च तो कितीसा? गाळपेरीच्या सोडून दिलेल्या पट्ट्यांवर हे सहज होईल.

चौथं, नदी साफ करण्याच्या नावाखाली काठची मुळं, पडलेली झाडं आणि लव्हाळं उपटून सिमेंटचा घाट बांधला जातो तेव्हा टाळ्या वाजवू नका. पाण्यात पडलेलं लाकूड कचरा नसतो. कचरा म्हणजे आपण गळाला लावून मागे सोडलेली तंगूस आणि पाण्याच्या बाटल्या.

पाचवं, ठिकाण सांगू नका. फोटोत टेकडी, पूल, देऊळ येऊ देऊ नका. आपल्या फुशारकीची किंमत मासा देतो.

या वर्षी मे महिन्यात आम्ही पुन्हा फांद्या टाकल्या. या वेळी आधी संस्थेकडे गेलो, मग धरणाच्या कार्यालयात अर्ज दिला. जागा तात्यांनी दाखवली, त्यांच्या जाळ्याच्या वाटेबाहेरची. ते म्हणाले, "हितं पूर्वी डोह हुता. धरणाच्या आधीचा." एका खांबावर फडकं बांधून त्यांनीच हद्द केली. चौघांपैकी एकजण आमच्यातून गेला. त्याचं म्हणणं, मासे मारायचे नसतील तर काटे टोचून घ्यायचे कशाला? प्रश्न चुकीचा नाही. प्रत्येकाने त्याचं उत्तर स्वतःला द्यायचं.

परवा रात्रपाळी संपवून सकाळी गेलो होतो. पाणी चढलं आहे, ढीग दिसत नाहीत, फक्त फडकं दिसतं. एका जागी पाणी उकळल्यासारखं हलत होतं. केशरी. माझ्या पाठीवर गळ नव्हता, तरी हात खांद्याकडे गेला, हे कबूल करतो. मग तासभर बसून राहिलो. खाली काळी सावली दोनदा वळली.

फोटो काढला नाही. आणि जागा कुठली, ते विचारू नका.